चेहरा तोच, अर्थ तीन

मॉस्को शहरात १९१९ साली सिनेमा शिकवणारी एक सरकारी शाळा निघाली. शिक्षक होते, उत्साहाने फुरफुरणारे विद्यार्थी होते. नव्हती ती फक्त फिल्म. रशियात यादवी पेटली होती, बाहेरून येणारा माल अडला होता आणि कच्ची फिल्म त्या देशात तयार होत नव्हती. घरात पीठ नसताना पोळ्या लाटायला शिकवायचे, त्यातलाच हा प्रकार. या शाळेत लेव्ह कुलेशोव्ह नावाचा विशीतला एक तरुण लवकरच शिकवू लागला. फिल्म नाही म्हणून तो हात बांधून बसला नाही. त्याचे विद्यार्थी कॅमेऱ्यासमोर करायचे काम कॅमेऱ्यावाचूनच करून दाखवीत, आणि जुन्या चित्रपटांचे तुकडे कापून पुन्हा वेगळ्या क्रमाने जोडून पाहत. गरिबाघरची गृहिणी जुनी लुगडी फाडून गोधडी शिवते, तशी ही गोधडी होती. पण त्या शिवणकामातून जे हाती लागले, त्यावर पुढे शंभर वर्षे विद्वान वाद घालीत आले आहेत.

गोष्ट अशी. इव्हान मोझुखिन हा झारच्या काळातला रशियन पडद्यावरचा मोठा लाडका नट. त्याच्या एका जुन्या चित्रपटातला त्याच्या चेहऱ्याचा एक तुकडा कुलेशोव्हने घेतला. चेहऱ्यावर विशेष काही भाव नाही. माणूस नुसता पाहतो आहे. हा तुकडा त्याने तीन वेगवेगळ्या चित्रांना जोडला. एकीकडे सारभरली थाळी, दुसरीकडे शवपेटीतली मृत स्त्री, तिसरीकडे खेळण्यातले अस्वल घेऊन खेळणारी मुलगी. प्रेक्षकांनी पाहिले आणि नटाची वाहवा केली. थाळीकडे पाहताना किती विचारमग्न, मृत स्त्रीकडे पाहताना किती खिन्न, मुलीकडे पाहताना किती प्रसन्न! चेहरा मात्र तिन्ही वेळा एकच होता.

ही हकीकत जगाला सांगितली ती मुख्यतः कुलेशोव्हचा शिष्य व्सेवोलोद पुदोव्हकिन याने. १९२९ साली लंडनच्या एका व्याख्यानात त्याने ती सांगितली आणि ती जगभरच्या पुस्तकांत जाऊन बसली. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे साक्षीदार कोण, कागद कुठे आहे, हे विचारण्याची मला खोड आहे. तो मूळ तुकडा आज उपलब्ध नाही. कुलेशोव्हच्या स्वतःच्या आठवणींत चित्रांची यादी पुदोव्हकिनच्या यादीशी जुळत नाही. १९९२ साली अमेरिकेत दोघा संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा अपेक्षित परिणाम त्यांना आढळला नाही; २०१६ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी अधिक काळजीपूर्वक केला, तेव्हा थोडाफार आढळला. म्हणजे ज्या प्रयोगावर एवढी मोठी हवेली उभी राहिली, त्याचा पायाच धुक्यात आहे. पण हवेली पडलेली नाही, कारण पडद्यासमोर बसणारा प्रत्येकजण तिच्यात रोज राहतो.

आमच्या वर्गात मी हा प्रयोग खडूने केला. फळ्यावर एक तोंड काढले. दोन डोळे, नाक आणि ओठांच्या जागी एक सरळ रेघ. शेजारी पुरणपोळीचे ताट काढले. पोरे ओरडली, "याला भूक लागलीय!" ताट पुसून गणिताची उत्तरपत्रिका काढली आणि तिच्यावर लाल भोपळा. "घाबरलाय, घाबरलाय!" तिसऱ्यांदा मेलेले वासरू काढले. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तोंड तर पुसलंच नाही." त्या दिवशी मी तिला खडूची अख्खी पेटी दिली असती.

याच सुमारास आपल्याकडे दादासाहेब फाळके काय करीत होते, हे पाहण्यासारखे आहे. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'चा आरंभ फार थोड्यांना आठवतो. त्यात कृष्ण झाली आहे फाळक्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी फाळके तिचा नुसता चेहरा दाखवतात. मुकुट नाही, मोरपीस नाही. ती पोर एकामागून एक भाव करून दाखवते आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. फाळक्यांना जणू सांगायचे आहे की, पाहा, सगळे या चेहऱ्यात आहे. भरतमुनीच्या देशात हे साहजिकच होते. रस उपजवायचा तर भाव नटाच्या मुखावर आधी उमटला पाहिजे. मॉस्कोतला तरुण नेमके उलटे म्हणत होता. चेहऱ्यात काही नाही. जे आहे ते पुढच्या चित्रात, किंवा खरे म्हणजे दोहोंच्या सांध्यात. गंमत अशी की त्याच चित्रपटात डोहातली झुंज आली की फाळकेही कात्री हाती घेतात. पाण्यात कृष्ण आणि कालिया, काठावर जीव मुठीत धरून उभी असलेली माणसे. पुन्हा पाणी, पुन्हा काठ. त्यांनी कुलेशोव्हचे नावही ऐकले नसेल. हाताला जे कळत होते त्याला त्यांनी सिद्धान्ताचे नाव दिले नाही, इतकेच.

ते नाव रशियनांनी दिले. जोडणीसाठी त्यांनी फ्रेंच शब्द उचलला, 'माँताज'. मात्र जोडणी म्हणजे काय यावर त्यांच्यात एकमत नव्हते. पुदोव्हकिन म्हणे, विटेवर वीट रचावी तसे चित्रावर चित्र रचत जावे. सेर्गेई आयझेन्स्टाइन म्हणे, छे, चित्रावर चित्र आदळले पाहिजे. हा गृहस्थ इंजिनिअरिंग शिकलेला, आणि पुढे त्याने जपानी लिपीचा नाद केला. १९२९ सालच्या एका निबंधात त्याने दाखवले की त्या लिपीत डोळ्याचे चिन्ह पाण्याच्या चिन्हाशेजारी ठेवले की अर्थ होतो रडणे. दाराशेजारी कान ठेवला की ऐकणे. सुरी आणि हृदय मिळून दुःख. दोन दिसणाऱ्या वस्तूंतून तिसरी न दिसणारी वस्तू उपजते. मराठी व्याकरण घोकलेल्या माणसाला हे समजायला जपानपर्यंत जावे लागत नाही. पुदोव्हकिनचा सिनेमा म्हणजे द्वंद्व समास. आईवडील म्हटले की आई आणि वडील, दोघेही जागच्या जागी. आयझेन्स्टाइनचा सिनेमा बहुव्रीही. पीतांबर म्हटले की पिवळा रंगही बाजूला राहतो, वस्त्रही बाजूला राहते आणि समोर उभा राहतो विष्णू.

त्याच्या १९२५ सालच्या 'बॅटलशिप पोटेम्किन'मध्ये दगडी सिंहांची तीन चित्रे येतात. एक सिंह निजलेला, एक जागा होणारा, एक उठलेला. झपाट्याने एकामागून एक आली की दगडाचा सिंह उडी मारून उठला असे वाटते; जनता खवळली, दगडसुद्धा खवळला! पण कथा घडते ओडेसात आणि हे सिंह आहेत क्रिमियातल्या आलुप्का गावच्या राजवाड्यापाशी, वेगवेगळ्या जागी बसवलेले. कुणी तिथले, कुणी इथले, आणि पडद्यावर एकाच क्षणाचे सोबती.

सिंहांबद्दल माझी तक्रार नाही. माझा जीव अडकतो तो त्याच चित्रपटातल्या पायऱ्यांवर. ओडेसाच्या त्या १९२ पायऱ्या. वरून बंदुका रोखून सैनिकांची रांग उतरते, खाली निःशस्त्र माणसे पळतात, आई कोसळते आणि तिच्या तान्ह्या लेकराची गाडी एकटीच पायऱ्यांवरून धडधडत निघते. ते पाहून अंगावर काटा येत नसेल तो माणूस नव्हे. १९०५ च्या जूनमध्ये ओडेसात गोळीबार झाला, माणसे मेली, हे खरे आहे. पण तो मुख्यतः रात्री आणि बंदराच्या बाजूला. पडद्यावर दिसते तशी भर दिवसाची कत्तल या पायऱ्यांवर झाली नव्हती. तरी आज जगाला आठवतात त्या पायऱ्याच. ब्रिटनमध्ये १९५४ पर्यंत या चित्रपटावर बंदी होती. कात्रीच्या कामाला एक साम्राज्य इतकी वर्षे भ्याले, यातच त्या कामाची थोरवी आली. पण बंदराजवळच्या अंधारात जे मेले त्यांच्यावर पायऱ्यांचे ऊन पडून ते दिसेनासे झाले, हेही तितकेच खरे. हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

आणि हा हिशेब आता मॉस्को-ओडेसापुरता राहिलेला नाही. एका स्नेहसंमेलनानंतर आमच्या गावात फोनवरून एक चित्रफीत फिरली. फार तर दहा-बारा सेकंदांची. पहिल्या तुकड्यात एक लहान मुलगा रंगमंचावरून पडतो आणि रडतो. दुसऱ्यात पहिल्या रांगेतल्या एक शिक्षिका खळखळून हसत आहेत. दोन तुकडे, एक सांधा, आणि बाई क्रूर ठरल्या. मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. त्या हसल्या होत्या आठवीच्या नाटुकल्यातल्या सुभेदाराची मिशी गळून पडली तेव्हा. मूल पडले त्यानंतर बऱ्याच वेळाने, आणि त्याच्याकडे सर्वांत आधी धावल्या त्या याच बाई. दुसऱ्या दिवशी पालक तावातावाने आले. त्यांना काही मी मोझुखिनची कथा सांगत बसलो नाही. एका पालकानेच सबंध कार्यक्रम न थांबवता टिपला होता, तो त्यांच्यापुढे धरला. मंच आणि पहिली रांग एकाच चौकटीत दिसत होती. मंडळी ओशाळून परत गेली. बाईंनी मात्र त्या वर्षी पुढे कुठल्याच कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसणे टाळले.

'एकाच चौकटीत' हे महत्त्व ज्याने ओळखले तो आंद्रे बाझाँ नावाचा फ्रेंच टीकाकार. त्याला खरे तर शिक्षक व्हायचे होते. पण बोलताना तो अडखळे, म्हणून ते राहिले. मग त्याने सिनेमाच लोकांना शिकवला. १९५१ साली 'काइए द्यु सिनेमा' हे मासिक त्याने सहकाऱ्यांसह काढले आणि १९५८ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो गेला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. एखाद्या प्रसंगाचे सारे मर्म जर दोन गोष्टी एकत्र असण्यात असेल, तर तिथे कात्री चालवायला मनाई आहे. 'नानूक ऑफ द नॉर्थ' या १९२२ सालच्या चित्रपटात एस्किमो शिकारी बर्फातल्या भोकापाशी सीलसाठी झगडतो. माणूस, भोक आणि अखेर प्राणी एकाच चित्रात दिसतात म्हणूनच आपला श्वास अडतो. चॅप्लिन 'द सर्कस'मध्ये सिंहाच्या पिंजऱ्यात सापडतो आणि सिंह व तो एकाच चौकटीत असतात. हसू फुटते ते त्यामुळे. बाझाँचा आवडता दाखला १९५१ च्या एका इंग्रजी चित्रपटातला आहे. आफ्रिकेच्या रानात एक मूल सिंहाचा छावा उचलून चालू लागते आणि मागून सिंहीण येते. दिग्दर्शक बराच वेळ मूल वेगळे, सिंहीण वेगळी असे दाखवतो. आपण पाहतो, पण आतून निर्धास्त असतो. मग एकाएकी आईबाप, मूल आणि सिंहीण सारी एका चित्रात येतात, आणि त्या एका चित्राने आधीचे सगळे खरे होऊन जाते. सिंहीण माणसाळलेली होती हे बाझाँलाही कळत होते. त्याला हवा होता तो मधल्या मोकळ्या जागेचा खरेपणा.

आयझेन्स्टाइन प्रेक्षकाच्या हाताला धरून ओढत नेतो. बाझाँ म्हणतो, हात सोडा, त्याचे त्याला पाहू द्या. मनाने मी बाझाँकडे झुकतो, मास्तरकीमुळे असेल. पण रात्री कादंबरी लिहायला बसलो की हाती कात्रीच येते. दारात उभी असलेली सून लिहितो आणि पुढचे वाक्य तिच्या मनाबद्दल न लिहिता चुलीवर उतू जाणाऱ्या दुधाबद्दल लिहितो.

ही सांध्याची कला अगदी हसतखेळत समजावून दिली ती आल्फ्रेड हिचकॉकने, १९६४ सालच्या एका दूरदर्शन मुलाखतीत. त्याने स्वतःचाच चेहरा घेतला. आधी पाहणारा, मग स्मित करणारा. मध्ये तान्ह्या मुलाला घेतलेली आई घातली, तर हा कनवाळू आजोबा. आईच्या जागी पोहण्याच्या तोकड्या पोशाखातली तरुणी घातली, तर तोच आजोबा चावट म्हातारा!

राहता राहिला मोझुखिन. क्रांतीनंतर १९२० साली तो देश सोडून गेला आणि फ्रान्समध्ये पुन्हा मोठा नट झाला. मूकपटांत चेहऱ्यावरच्या उत्कट भावांसाठी, डोळ्यांत भरून येणाऱ्या पाण्यासाठी त्याची ख्याती होती. मग बोलपट आले. त्याच्या बोलण्यातला रशियन हेल फ्रेंच कानांना खटकला आणि कामे मिळेनाशी झाली. १९३९ च्या जानेवारीत पॅरिसजवळच्या न्यूयी गावी क्षयाने तो वारला. सिनेमाच्या पुस्तकांत आज त्याचे नाव येते ते जिथे त्याने काहीच अभिनय केलेला नाही त्या एका तुकड्यासाठी, आणि तो तुकडाही हरवलेला आहे.