मेंथॉलचा डावा-उजवा

होक्काइडो हे जपानच्या उत्तरेचं थंड बेट. तिथल्या किटामी गावाला पुदिन्याने सुगीचे दिवस दाखवले. 1930च्या दशकाच्या अखेरीस जगातल्या पुदिना तेलापैकी सुमारे 70 टक्के तेल याच परिसरातून येत असे. कापलेला पुदिना टांगून वाळवायचा, मग वाफेवर त्याचं तेल काढायचं. हे तेल गार केलं की त्यात सुयांसारखे पांढरे स्फटिक धरू लागतात. ते मेंथॉल. कापूर आणि ओव्याच्या फुलाबरोबर आपल्या अमृतधारेत पडतं ते पिपरमिंट हेच.

युद्धकाळात पुदिन्याच्या रानात धान्य पेरावं लागलं. पुढे ब्राझीलचं तेल स्पर्धेत उतरलं; तिथे पुदिना नेला होता जपानी स्थलांतरितांनीच. किटामीचा कारखाना 1983 साली बंद पडला.

त्याच सुमारास ताकासागो या जपानी कंपनीने पुदिन्याच्या पानाशिवाय मेंथॉल बनवायला घेतलं. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. मेंथॉलच्या रेणूची आठ रूपं संभवतात आणि पुदिन्याचा खरा गारवा त्यांतल्या एकातच असतो. त्याचं आरशातलं प्रतिबिंब म्हणजे डाव्या हाताला उजवा हात: घडण तीच, पण गारवा कमी. साध्या रासायनिक क्रियेत ही दोन्ही रूपं निम्मी-निम्मी तयार होतात आणि नको असलेला अर्धा माल वेगळा काढत बसावं लागतं.

हवं तेच रूप घडवण्याची वाट त्याआधीच शोधली जात होती. क्योटोत 1966 साली हितोशी नोझाकी आणि तरुण रयोजी नोयोरी यांनी तांब्याचा एक असममित, म्हणजे स्वतःच डावा किंवा उजवा असलेला, उत्प्रेरक वापरून पाहिला. एका रूपाचं आधिक्य दहा टक्केही भरलं नाही. कारखान्याच्या हिशेबाने ते कुचकामीच. पण धातूभोवतीचा रेणू डाव्या-उजव्याची निवड करू शकतो, हे त्यातून दिसलं. या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रयोग हाच म्हणावा लागेल.

नागोयात नोयोरींनी 1974 पासून हिदेमासा ताकाया यांच्यासोबत ‘बायनॅप’ या रेणूचा पिच्छा पुरवला. त्यात नॅफ्थलीनचे दोन भाग एकमेकांना अडवून पिळलेले राहतात आणि फॉस्फरसचे दोन अणू धातूला धरून ठेवतात. 1980 साली हे काम प्रसिद्ध झालं. मग ओसाकाचे संशोधक आणि ताकासागोचे रसायनतज्ज्ञ सोबतीला आले. पाइनच्या टर्पेंटाइनपासून मायर्सीन, त्यापासून एक अमाइन आणि मग कळीची पायरी: ऱ्होडियम-बायनॅपच्या संगतीत त्या अमाइनमधला दुहेरी बंध जागा बदलतो, तोही एकाच बाजूने. त्यातून मिळणारं सिट्रोनेलाल 96 ते 99 टक्के शुद्ध हाताचं असतं. निसर्गातलं सिट्रोनेलाल फार तर 80 टक्क्यांपर्यंत पोचतं, म्हणजे इथे माणसाने झाडावरही ताण केली. पुढच्या पायऱ्यांत त्याचंच मेंथॉल होतं. महागडा ऱ्होडियम चिमूटभर लागतो आणि पुनःपुन्हा वापरता येतो, म्हणूनच हा धंदा परवडला.

अशा असममित उत्प्रेरकांवरच्या कामासाठी 2001 साली नोयोरी, विल्यम नोल्स आणि बॅरी शार्पलेस यांना रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. 2012 साली जर्मनीच्या बीएएसएफनेही लुडविग्सहाफेनमध्ये मेंथॉलचा कारखाना सुरू केला. तरीही शेतातला पुदिना संपलेला नाही. आता त्याचं मोठं आगर उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीच्या पट्ट्यात आहे, आणि त्या तेलाचे वायदे मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारात होत आले आहेत.