पहिल्या घरामागची संस्था

पहिले घर कसे झाले, असे विचारले की मराठी मध्यमवर्गीय घरात बहुधा एकच उत्तर मिळते. पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवले, प्रॉव्हिडंट फंडातून रक्कम उचलली, दागिने मोडले, वीस वर्षे हप्ते फेडले. यातला एकही कष्ट खोटा नाही. पण काटकसर आधीच्या पिढ्यांनीही केली होती. तरीही मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या दोन-दोन पिढ्या चाळीतल्या भाड्याच्या खोलीत जन्मल्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या. तेव्हा नुसत्या काटकसरीने घर होत असते तर ते फार पूर्वीच झाले असते. शहरातल्या सामान्य पगारदाराला स्वतःचे घर मिळू लागले ते माणसांनी एकत्र येऊन संस्था काढल्यामुळे, आणि त्या संस्थेला कायद्याचा आधार, जमीन व कर्ज मिळाल्यामुळे. गेल्या शंभर वर्षांचा इतिहास तपासला तर हे स्पष्ट दिसते, आणि आज त्याचा विसर पडल्याची किंमत आपण मोजत आहोत.

सुरुवात 1896 च्या प्लेगपासून करावी लागते. त्या साथीने मुंबईतल्या दाट, अंधाऱ्या वस्त्यांचे भयानक रूप सरकारपुढे आणले आणि 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, गावदेवी आणि पुढे दादर-माटुंगा या भागांत जमिनी विकसित करून भूखंड भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात केली. जमीन उपलब्ध झाली, पण कचेरीतल्या कारकुनाच्या दृष्टीने ती असून नसल्यासारखी होती. अख्खा भूखंड घेऊन त्यावर इमारत उभारण्याएवढे भांडवल त्याच्याकडे नव्हते. त्याच्या पगारावर मोठे कर्ज कोणी देत नव्हते. घर बांधणे हा पैसेवाल्याचा धंदा होता आणि त्यात राहणे हा भाडेकरूचा खर्च.

ही कोंडी फोडली ती सहकाराने. 1904 च्या कायद्याखाली फक्त पतसंस्था काढता येत होत्या. 1912 च्या कायद्याने इतर उद्देशांच्या सहकारी संस्थांनाही दार उघडले. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी 1906 मध्येच शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था सुरू केली होती. त्यांच्याच पुढाकाराने 1915 मध्ये गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. तिच्यासारख्या संस्थांची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. सभासद संस्थेचा भाग (शेअर) विकत घेतो, ठेव ठेवतो. त्या भांडवलावर आणि सर्वांच्या एकत्रित जबाबदारीवर संस्था कर्ज उभारते. भाडेपट्टा संस्थेच्या नावावर होतो, इमारत संस्था बांधते. सभासद दरमहा भाडे भरतो, पण ते घरमालकाच्या तिजोरीत न जाता ज्या संस्थेचा तो स्वतः भागधारक आहे तिच्याकडे जाते आणि त्यातून कर्ज फिटते. पुढे सहकार खात्याने याचे दोन ठळक प्रकार मानले. एकात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची. दुसऱ्यात जमीन संस्थेकडे आणि वरचे घर सभासदाचे. दोन्हींचा गाभा एकच: पन्नास-साठ रुपये पगाराच्या माणसाची एकट्याची पत सावकाराच्या लेखी शून्य होती, पण तशाच चाळीस माणसांनी एकमेकांची हमी घेतली की ती पत बँकेला मोजावी लागली. काटकसरीला घराचे रूप मिळाले ते या हमीमुळे.

याउलट, ज्यांना घरे हवीत त्यांना बाजूला ठेवून घरे बांधली तर काय होते याचा पुरावा त्याच शहरात, त्याच काळात आहे. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) या सरकारी खात्याने गिरणी कामगारांसाठी 50 हजार खोल्यांची योजना आखली. वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर तीनमजली काँक्रीटच्या चाळी उभ्या राहिल्या. प्रत्यक्षात सुमारे 16 हजार खोल्याच झाल्या, आणि त्यातल्याही कित्येक सुरुवातीची वर्षे रिकाम्या पडून होत्या. घरांची टंचाई असलेल्या शहरात नवीकोरी घरे रिकामी राहावीत याची कारणे उघड होती. भाडे कामगाराला जड, उजेड-वारा बेताचा, जागा अनेकांच्या कामापासून दूर. पुढे त्या चाळी माणसांनी भरल्या, तिथे मंडळे, व्यायामशाळा, संघटना उभ्या राहिल्या. पण ते जिव्हाळ्याचे जग रहिवाशांनी निर्माण केले. खात्याने फक्त भिंती दिल्या होत्या. त्या भिंतींवर रहिवाशाचा मालकी हक्क तर नव्हताच.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. सुरुवातीच्या या सोसायट्या जातीच्या आणि धर्माच्या होत्या. सारस्वतांची सारस्वतांसाठी, 1918 मध्ये वांद्र्यात कॅथलिकांची कॅथलिकांसाठी. ज्या सहकाराने काहींना घर दिले त्यानेच इतरांना फाटकाबाहेर ठेवले. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे आणि तो जुनाही झालेला नाही. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा नियम ग्राह्य धरला. माझ्या मते ही सहकाराच्या तत्त्वाशी फारकत आहे. मात्र जात हा सहकाराचा पाया होता, असा निष्कर्ष यातून निघत नाही. अनोळखी शहरात एकमेकांची हमी घ्यायची तर आधी ओळख लागते, आणि त्या काळी ती ओळख जातीतून मिळत होती. दुसऱ्या नात्याने माणसे जोडली गेली तेव्हाही हीच रचना चालली. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. त्यानंतर पूरग्रस्तांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, तेव्हा सभासदाला पात्र ठरवत होते त्याचे पुरात गेलेले घर. नदीकाठच्या पेठांतली भाडेकरू कुटुंबे त्यातून शहराच्या नव्या भागांत स्थिरावली.

दुसरा आक्षेप असा की सहकार हा पांढरपेशांचा मार्ग आहे. ज्याच्याकडे भाग घ्यायलाही पैसे नाहीत त्याने काय करायचे? याला सोलापूरने उत्तर दिले आहे. विडी वळणाऱ्या बाईचे घर हाच तिचा कारखाना असतो. तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन विडी वळायची, दोऱ्याने बांधायची, हे सारे भाड्याच्या एका अंधाऱ्या खोलीत, चुलीशेजारी आणि मुलांच्या अंथरुणाशेजारी. अशा स्त्रियांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगार संघटनेच्या बळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने गृहनिर्माण संस्था काढली. अनेक वर्षांच्या मोर्चांनंतर केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार स्त्री अशा तिघांच्या वाट्यातून सोलापूरजवळच्या कुंभारी येथे 10 हजार घरांची वसाहत उभी राहिली. सप्टेंबर 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे हस्तांतर झाले. त्याच परंपरेतल्या रे नगर वसाहतीतली पहिली 15 हजार घरे जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. इथे सरकारी अनुदान होते म्हणून श्रेय सरकारचेच, असे कोणी म्हणेल. पण सरकारी पैसा बीडीडी चाळींतही होता. सोलापुरात घर कोणाला, कुठे, किती हप्त्याने हे ठरवताना राहणारीचा आवाज होता.

मग आजचे चित्र वेगळे का? 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, पण भाड्यासाठी नवी इमारत बांधण्यातला घरमालकाचा रस संपत गेला. त्याची जागा बिल्डरने घेतली. त्याच्या मनमानीला आवर घालण्यासाठी 1963 मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्‌स कायदा आला. त्यात लेखी करारापूर्वी किमतीच्या 20 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई झाली, आणि सोसायटी स्थापून जमिनीची मालकी तिच्या नावे करून देणे बिल्डरवर बंधनकारक झाले. 1977 मध्ये ह. ठा. पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली आणि पगारदाराला एकट्याच्या नावावर दीर्घ मुदतीचे गृहकर्ज मिळू लागले. ही मोठीच सोय होती. त्याशिवाय लाखो कुटुंबांना घर मिळाले नसते. पण क्रम उलटा झाला. आधी संस्था, मग घर असे होते. आता आधी घर, मग नाइलाजाने संस्था. सभासद एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ते गळतीच्या किंवा पार्किंगच्या भांडणात. परिणामी असंख्य इमारतींत सदनिका रहिवाशाच्या नावावर आणि जमीन मात्र बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर राहिली. शेवटी 2008 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने टाळाटाळ केली तरी जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याची, तरतूद करावी लागली. तिचा फायदाही सभासद एकत्र येऊन कागद गोळा करतील तेव्हाच मिळतो.

आजच्या धावपळीत एवढी एकजूट जमणार कशी, हा प्रश्न रास्त आहे. पण 1915 चा कारकून किंवा कुंभारीची विडी कामगार यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त वेळ, पैसा वा कायद्याचे ज्ञान नव्हते. पहिले घर घेणाऱ्यांना म्हणूनच सांगणे आहे: नमुना सदनिका पाहाच, पण त्याबरोबर त्याच इमारतीत घर घेणाऱ्या इतरांना शोधा, करारनामे एकत्र बसून वाचा, सोसायटीची नोंदणी वेळेत करून घ्या आणि जमीन तिच्या नावावर झाल्याशिवाय स्वस्थ बसू नका. आणि सभासद घेताना जात विचारू नका.