राणीछाप, टिंबं आणि धुऊन टाकलेला पुरावा

मागच्या वीकेंडला काही लिहिलं नाही, कारण दिवाळीसाठी तेल्हाऱ्याला होतो. आणि तिथे एक पराक्रम करून बसलो. त्याचीच ही गोष्ट (आणि थोडा इतिहास, नेहमीप्रमाणे).

तर झालं असं. लक्ष्मीपूजनाला आजी दरवर्षी कपाटातून चांदीच्या रुपयांच्या दोन थैल्या काढते. रुपये काळे पडलेले, हळद-कुंकवाने माखलेले. म्हटलं, यंदा आपण चकाचक करून देऊ. दोन्ही थैल्या एकाच परातीत ओतल्या, चिंच आणि टूथपावडर घेतली आणि तासभर घासत बसलो. पस्तीस रुपये, एकदम कोरे करकरीत!

आजी आली, परातीकडे बघितलं आणि म्हणाली, "काऊन रे पोट्ट्या, दोन्ही थैल्या एक कायले केल्या? एक माह्या सासूची होती न!"

सासूची थैली थोरल्या आत्याला द्यायची हे घरात कधीचं ठरलेलं. त्यात एकवीस रुपये, आजीच्या स्वतःच्या थैलीत चौदा. आकडे आजीला तोंडपाठ. पण कोणते एकवीस?

आमच्या धंद्यात याला दोन टेबलं मर्ज करून बॅकअप उडवणं म्हणतात. बग माझा, तेव्हा फिक्सही मलाच करायचा होता. रात्री लॅपटॉप उघडला. प्रश्न साधा वाटत होता: एखादं नाणं कुठून आलं हे कसं ठरवतात?

वाचता वाचता थेट अमेरिकेत पोचलो. तिकडे ग्रेडिंग सर्व्हिस असतात. म्हणजे नाणं तपासून, ७० पैकी गुण देऊन, प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून देणाऱ्या कंपन्या. पीसीजीएस आणि एनजीसी ही त्यातली दोन मोठी नावं. तिथल्या सरकारचं 'सिल्व्हर ईगल' नावाचं एक औंस चांदीचं नाणं १९८६ पासून निघतं. त्यातली गुंतवणूकदारांसाठीची नाणी वेगवेगळ्या टांकसाळींत पडतात, पण त्यांच्यावर टांकसाळीचं अक्षरच नसतं! तरीही डबीच्या लेबलवर कंसात एस, डब्ल्यू किंवा पी छापलेलं दिसतं. सॅन फ्रान्सिस्को, वेस्ट पॉइंट, फिलाडेल्फिया.

मग ओळखतात कसं? पेटीवरून. नाणी वीस-वीसच्या नळ्यांत भरतात आणि अशा पंचवीस नळ्या, म्हणजे पाचशे नाणी, एका पेटीत जातात. पेटी टांकसाळीच्या पट्टीनं बंद असते आणि तिच्यावर क्रमांक असतो. सीलबंद पेटी तशीच ग्रेडिंगवाल्यांकडे गेली तर पट्टी, लेबल आणि क्रमांक बघून टांकसाळ ठरते. तेच नाणं सुटं नेलं तर भिंगाखाली कितीही बघा, कंसातलं अक्षर मिळत नाही.

गंमत म्हणजे २०१५ मध्ये फिलाडेल्फियात अशी फक्त ७९,६४० नाणी पडली, हे २०१७ मध्ये तिथल्या माहिती अधिकाराच्या अर्जातून बाहेर आलं. तोवर ज्यांनी पेट्या फोडून नाणी सुटी विकली होती त्यांच्या हातातून काय निसटलं बघा. चांदीत फरक शून्य, पण मूळ सांगणारा कागद कचऱ्यात!

मला आजीची परात आठवली.

पण आपल्याकडचा रुपया इतका मुका नाही. १८३५ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं एकसारखा रुपया ठरवला: ११.६६ ग्रॅम वजन, त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. यंत्रावर पडलेला, म्हणून कलदार. आणि १८९३ पर्यंत कुणीही व्यापारी आपली चांदी टांकसाळीत देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. म्हणजे तो रुपया चलनही होता आणि शिक्का मारलेली चांदीची लगडही. आजच्या बुलियन नाण्याचा खापरपणजोबाच म्हणा ना.

खुणा अशा. सातव्या एडवर्डच्या रुपयावर मुंबईचा असेल तर मागच्या बाजूला खालच्या नक्षीत बारीक, खोल 'बी' असतो. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणजे तळाशी एक उठावदार टिंब. सहाव्या जॉर्जच्या काळात लाहोरला टांकसाळ निघाली, तिची खूण 'एल'. आणि कलकत्त्याच्या नाण्यांवर बहुतेक वेळा काहीच नाही. खूण नाही हीच खूण! आजही तसंच आहे. खिशातलं नाणं काढून सालाखाली बघा: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब आणि कोलकात्याची कोरी जागा.

राणीछाप रुपयांची तर आणखी वेगळी तऱ्हा. १८६२ पासून पुढे दहा-बारा वर्षं रुपयावर सालच बदललं नाही, सगळ्यांवर १८६२. खरं साल १८७४ पासून यायला लागलं. मधल्या काळात मुंबईनं मागच्या बाजूला बारीक टिंबं वाढवत नेली, आणि त्या टिंबांवरून अभ्यासक नाण्याचं खरं वर्ष लावतात. सरळ सरळ व्हर्जन नंबर!

आता ही वर्षं वऱ्हाडात कसली होती? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावच्या बाजारात गाड्यांची रांग, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे. त्या कापसाच्या बदल्यात गावोगाव जी चांदी आली तिच्यावर हेच गोठलेलं १८६२ होतं. आजीच्या परातीतल्या नऊ राणीछापांपैकी पाच १८६२ चे निघाले. ते आमच्याकडे कापसातून आले की कुणाच्या हुंड्यातून, हे मात्र टिंबं सांगत नाहीत.

(जाता जाता: ज्या गिन्नीला आपण पक्की विलायती समजतो, तीही १९१८ मध्ये मुंबईत पडली. सुमारे तेरा लाख. साल आणि घोड्याच्या पायाखालची जमीन यांच्यामध्ये एवढासा 'आय' असतो. घरात १९१८ ची असेल तर भिंग लावून बघा.)

असो. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसलो. नऊ राणीछाप, सहा एडवर्ड, तेरा पंचम जॉर्ज, सात सहावे जॉर्ज. टांकसाळ बहुतेकांची लागली: ढीगभर मुंबई, थोडे कलकत्ता. आणि मग लक्षात आलं की याचा काडीचा उपयोग नाही. आजीचं माहेर वऱ्हाडातलंच, सासूचंही. दोघींकडे मुंबईचेच रुपये येणार.

मग आजीलाच विचारत बसलो, अमेरिकन पेटीवरची पट्टी शोधावी तसं. सासूची थैली तिच्या लग्नातली, सहावा जॉर्ज गादीवर येण्याच्या आधी बांधलेली, नंतर त्यात कधी भर नाही. म्हणजे सहाव्या जॉर्जचे सातही आजीचे. चार रुपयांच्या काठावर कडी डागल्याची खूण सापडली. आजी लगेच म्हणाली, "हे तिच्या माळेतले." चार सासूचे. उरले चोवीस. त्यातले सतरा सासूचे, सात आजीचे, आणि कोणते ते कळायला काही मार्ग नाही. आजी म्हणाली, सासूच्या रुपयांवर कुंकू जास्त होतं, दर शुक्रवारी वाहायची ती. ते कुंकू मीच चिंचेनं धुतलं होतं.

हिशेबापुरतं भागलं म्हणा. सहाव्या जॉर्जचे सातही १९४० नंतरचे, आणि १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच. ते आत्याकडे गेले असते तर अन्याय झाला असता, तेवढा टळला. आत्याला चार अधिक सतरा असे एकवीस पूर्ण चांदीचे मिळतील.

आत्याला फोन केला, सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच विचारलं, "माह्या आजीचे नक्की कोणते?"

म्हटलं, "चार."

आता तीन पाकिटं केली आहेत. एकावर 'आजीचे, सात'. दुसऱ्यावर 'पणजीचे, चार'. तिसऱ्यावर 'दोघींचे, चोवीस. वेगळे करता येत नाहीत', खाली तारीख आणि माझी सही. तुमच्या घरी अशा थैल्या असतील तर धुण्याआधी, ओतण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ अर्धा तास बसा आणि चिठ्ठी लिहून आत टाका. काळे राहिले तरी चालतील.

आजी पाकिटं बघून म्हणाली, "चांदी कोठी जात नाही बाप्पा." आणि उठून पाकिटांवर कुंकू लावलं. तिन्ही पाकिटांवर.