थरथरणारं इंजिन आणि १९३१ सालचं रबर

बाबांनी गाडी घेतली तेव्हा मी पाचवीत होतो. गेल्या महिन्यापासून ती सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंगसकट थरथरायची. चालू लागली की शांत! एका गॅरेजवाल्याने "इंजिन खोलावं लागेल" म्हणून सांगितलं आणि बाबांनी गाडी विकायचं ठरवलं. मला काही ते पटेना. रात्री वाचत बसलो तो थेट १९३१ सालात पोचलो.

त्याचं असं आहे, चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो. ७५० आरपीएमला म्हणजे सेकंदाला २५ हिसके. वेग वाढला की हिसके एकमेकांत मिसळून जातात, आयडलला मात्र जाणवतात. पूर्वी बऱ्याच गाड्यांत इंजिन चासीला जवळजवळ घट्ट आवळलेलं असे. त्यामुळे हिसके थेट सीटपर्यंत! ज्याला परवडे तो सहा-आठ सिलिंडरची गाडी घेई.

१९३१ मध्ये क्रायस्लरने आपल्या स्वस्तातल्या प्लिमथ पीए गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' आणलं. इंजिनचं हलणं थांबवायच्या फंदात ते पडलेच नाहीत. पुढे उंचावर एक आणि मागे खाली एक, असे रबरी माउंट बसवले. दोघांना जोडणारी रेषा इंजिनच्या गुरुत्वमध्यातून जाणारी. त्या रेषेभोवती इंजिनने खुशाल डुलावं, हिसके रबराने गिळावेत! पुढे फ्रान्समध्ये सित्रोएनने याचं लायसन्स घेतलं आणि १९३२ पासून अशा गाड्यांवर तरंगणाऱ्या हंसाचं चिन्ह लावलं.

माउंटची रचना नंतर बदलत गेली, पण तत्त्व तेच राहिलं. गोम एवढीच, की रबर म्हातारं होतं. कडक होतं, चिरतं, आणि मग इंजिन पुन्हा १९३१च्या आधीसारखं चासीला धरून हलवायला लागतं.

रविवारी बॉनेट उघडलं. प्लग नुकतेच बदललेले, आरपीएमचा काटा स्थिर, आवाज एकसारखा. म्हणजे एखादा सिलिंडर मिस होत नव्हता. टॉर्च मारून पाहिलं तर एका माउंटचं रबर फाटून लोखंड लोखंडाला टेकलेलं! दुसऱ्या मेकॅनिककडून तेवढा माउंट बदलून घेतला. इंजिनला हातही लावला नाही.

संध्याकाळी बाबा स्वतः चक्कर मारून आले. सिग्नलला त्यांना वाटलं, गाडी बंदच पडली. गाडी विकायचा विषय त्यानंतर निघालेला नाही. तुमचीही जुनी गाडी अशीच थरथरत असेल, तर इंजिन खोलायच्या आधी ते रबर एकदा बघाच.