होस्टिंग बदललं, आता मेल कोणत्या डोमेनवरून पाठवायचे?

पावसाळ्यात गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा मार्गावरच्या नेहमीच्या प्रवासी बोटी बंद असतात. पाऊस ओसरला की त्या पुन्हा सुरू होतात आणि अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यातले होमस्टे, हॉटेलवाले दिवाळी-नाताळच्या बुकिंगसाठी जुन्या पाहुण्यांना मेल पाठवू लागतात. वेबसाइटचं होस्टिंग किंवा मेल पाठवण्याची सेवा बदलायची तर त्याआधीचा मोकळा काळ सोयीचा. पण ही बदली करताना पाठवणाऱ्याचं डोमेन चुकलं, तर ऐन हंगामात सगळे मेल स्पॅममध्ये जाऊ शकतात. ऑफरच नव्हे, तर आगाऊ रकमेची पावती आणि बुकिंगची खात्रीसुद्धा.

पाठवणाऱ्याचं डोमेन म्हणजे काय?

ईमेल पत्त्यात ‘@’ नंतर येणारा भाग म्हणजे डोमेन. होस्टिंग ही भाड्याची जागा असते, ती बदलता येते. डोमेन हे आपलं नाव असतं आणि जीमेल, याहूसारख्या सेवा त्या नावाची पत जपून ठेवतात. त्यामुळे जागा बदलली तरी शक्यतो नाव बदलू नये.

पर्याय कोणते?

१. जीमेल किंवा याहूचा पत्ता: एकेकट्या पाहुण्याला उत्तर द्यायला ठीक. पण दुसऱ्या सेवेतून शेकडो मेल या पत्त्याच्या नावाने पाठवणं धोक्याचं. याहूने एप्रिल २०१४ मध्येच नियम कडक केले. याहूच्या पत्त्याने, पण बाहेरच्या सर्व्हरवरून आलेले मेल नाकारा, असं त्यांनी इतर सेवांना सांगून ठेवलं.

२. नवं डोमेन: त्याची पत शून्यापासून सुरू होते. शिवाय ‘हॉटेलनाव-ऑफर्स.कॉम’ असा पत्ता पाहुण्यांना खोटा वाटू शकतो. उलट त्यांना अशा पत्त्यांची सवय लागली, तर उद्या ठगांनी तसंच नाव घेतलं तरी फरक कळणार नाही.

३. आपल्याच डोमेनचं सबडोमेन: बहुतेकांसाठी हाच उत्तम मार्ग. बुकिंगचे मेल ‘हॉटेलनाव.इन’वरून आणि ऑफरचे ‘ऑफर.हॉटेलनाव.इन’वरून पाठवायचे. ऑफरच्या मेलबद्दल तक्रारी आल्या तरी बुकिंगच्या मेलला त्याची झळ कमी बसते. पूर्णपणे टळते असं मात्र नाही.

तीन नोंदी कोणत्या?

डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या नोंदवहीत, तीन नोंदी लागतात.

- एसपीएफ: या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्याची यादी. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. नव्या सेवेसाठी दुसरी नोंद टाकली तर तपासणीच फसते. जुन्या नोंदीतच भर घालावी.
- डीकेआयएम: प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. ती नव्या सेवेच्या नव्हे, आपल्या डोमेनच्या नावाने व्हायला हवी.
- डीमार्क: मेलवर दिसणारं डोमेन आणि तपासणीत उतरलेलं डोमेन जुळत नसेल तर काय करायचं, याची सूचना.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत. त्याहून कमी पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्यात, असंही गूगल सांगतं. छोट्या यादीत हे गणित लवकर बिघडतं: हजार मेलमागे तीन तक्रारी आल्या की मर्यादा गाठली.

बदली कधी, कशी करायची?

चार महिने शांत असलेल्या डोमेनवरून एका दिवसात हजारो मेल गेले, तर ते संशयास्पद दिसतं. सर्व्हरही नवा असेल तर अधिकच. म्हणून ऑगस्टअखेरीस बदली करून सुरुवातीला नियमित मेल उघडणाऱ्या थोड्या पाहुण्यांनाच पाठवावेत आणि मग आकडा हळूहळू वाढवावा.

बदलीपूर्वी हे तपासावं:

- डीएनएसमधल्या सगळ्या नोंदी उतरवून घ्याव्यात. नेमसर्व्हर बदलताना एमएक्स नोंद राहून गेली तर येणारे मेलच बंद पडतात.
- यादीसोबत ‘मेल नको’ म्हणणाऱ्यांची आणि बंद पडलेल्या पत्त्यांची नोंदही नव्या सेवेत न्यावी. नकार दिलेल्यांना पुन्हा मेल गेला की तक्रार ठरलेलीच.
- डोमेनची नोंदणी स्वतःच्या नावावर आहे का, ते पाहावं. ती वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर असेल, तर आधी ती आपल्या नावावर करून घ्यावी.

नाव बदलावंच लागलं तर?

कधी कधी तसं कारण असतं. फसवणूक रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये देशातल्या बँकांना ‘.बँक.इन’ डोमेनवर जायला सांगितलं. अशा वेळी जुन्या पत्त्यावरूनच ग्राहकांना नवा पत्ता आधी कळवावा. जुन्या डोमेनचं नूतनीकरणही पुढची काही वर्षं चालू ठेवावं. मुदत संपलेलं डोमेन कुणीही विकत घेऊ शकतं. मग त्या पत्त्यावर येणारे पाहुण्यांचे मेल, त्यांनी पाठवलेल्या ओळखपत्रांच्या प्रतींसह, नव्या मालकाच्या हाती पडू शकतात.