कणा असलेले आणि नसलेले

प्राण्यांचे दोन प्रकार, पृष्ठवंशीय व अपृष्ठवंशीय, हें शाळेंतल्या मुलालाही पाठ असतें. परंतु ही विभागणी कोणीं व कशी केली, हा इतिहास वाचकांपैकीं थोड्यांनाच परिचित असेल.

ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल यानें प्राण्यांचे सरक्त आणि अरक्त असे दोन भेद केले होते. सरक्त प्राण्यांना कणा असतो, हेंही त्याच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. पुढें स्वीडनच्या लिनिअसनें १७५८ सालीं सहा वर्ग पाडले. त्यांपैकीं चार कणा असलेल्यांचे. उरलेल्यांतून कीटक वगळले, कीं गांडूळ, गोगलगाय, तारामासा हीं सारीं ‘कृमि’ या एकाच वर्गांत कोंबलेलीं!

ही अडगळ आवरण्याचें काम लामार्कच्या वांट्यास आलें. १७९३ सालीं, राज्यक्रांतीच्या धामधुमींत, पॅरिसच्या निसर्गेतिहास-संग्रहालयांत कीटक व कृमि यांचें अध्यापन त्याजकडे सोंपविण्यांत आलें. तोंवर त्याची ख्याति वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून. वयही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तरीही त्यानें कोळी व खेकडे कीटकांपासून निराळे काढले, आणि १८०१ सालच्या ग्रंथाच्या नांवांतच ‘कणा नसलेले प्राणी’ हा शब्दप्रयोग योजिला. १८१५ ते १८२२ या काळांत याच विषयावरील त्याचा सात खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या काळांत त्याची दृष्टि गेली, तेव्हां तो सांगे व मुलगी लिहून घेई.

परंतु क्युव्हिएनें १८१२ सालींच दाखविलें होतें, कीं प्राण्यांच्या शरीररचनेचे मूळ आराखडे चार असून कणा असलेल्यांचा त्यांतील केवळ एक. १८६६ सालीं रशियन शास्त्रज्ञ कोव्हालेव्हस्की यानें तर विभागणीची भिंतच खिळखिळी केली. समुद्रांत खडकाला चिकटून राहणाऱ्या, पिशवीसारख्या अ‍ॅसिडियनच्या डिंभाच्या शेपटींत त्याला पृष्ठरज्जु आढळली. गर्भावस्थेंत आपल्या कण्याच्या जागीं प्रथम असते तीच ही!

आज आपण हें जाणतों, कीं तारामाशाचें नातें गोगलगायीपेक्षां आपल्याशींच अधिक जवळचें आहे. म्हणजे ‘अपृष्ठवंशीय’ हें एका कुळाचें नांव नव्हे. ज्ञात प्राणिजातींपैकीं शेंकडा ९५ हून अधिक जाती या एका नकारार्थी शब्दांत सामावल्या आहेत. शब्द सोयीचा आहे, तो राहणारच. मात्र तो वापरतांना इतकें ध्यानांत असावें, कीं वर्गीकरण करणाऱ्याला कणा होता, म्हणूनच इतरांची ओळख त्याच्या अभावावरून ठरली.