सेनापतीपदाचा मान

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्या खेळाचा पायाशी संबंध थोडाच. दोन्ही टोकांना निमुळता असलेला लांबट चेंडू हातात धरून पळायचे किंवा पुढे फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन जिंकायची, आणि असे पुढे सरकत प्रतिपक्षाची अखेरची रेषा ओलांडायची, असा हा अकरा-अकरा गड्यांचा रणसंग्रामच. त्यातला सेनापती म्हणजे क्वार्टरबॅक. डाव गड्यांना तोच सांगतो. समोरची मांडणी पाहून ऐन वेळी फिरवतोही. आणि चेंडू कोणाकडे जाणार, याचा निर्णय दोन-तीन क्षणांत त्यालाच घ्यावा लागतो.

या जागेला डोके लागते, म्हणून ती कृष्णवर्णीयांना द्यावयाची नाही, असा अलिखित दंडक तेथील व्यावसायिक संघांत दीर्घकाळ होता. कृष्णवर्णी तरुणाच्या पायांचे कौतुक होई, बुद्धीवर मात्र विश्वास नसे. १९६८ साली डेन्व्हरच्या संघात मार्लिन ब्रिस्कोला ही जागा मिळाली व त्याने ती गाजवलीही. तरी पुढच्याच वर्षी बफेलोला जाऊन त्याला चेंडू झेलणारा गडी व्हावे लागले.

डग विल्यम्स हा लुइझियाना राज्यातल्या झॅकरी गावचा. जन्म १९५५ चा. कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या ग्रॅम्बलिंग विद्यापीठात एडी रॉबिन्सन या थोर प्रशिक्षकाच्या हाताखाली तो तयार झाला. १९७७ साली, देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूस मिळणाऱ्या हाइझमन पारितोषिकाच्या मतदानात तो चौथा आला. पुढल्या वर्षी टँपा बेच्या संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. हा संघ जन्मापासून ओळीने सव्वीस सामने हरलेला! विल्यम्सने १९७९ साली त्याला अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे नेऊन ठेवले.

पण मोबदला? वर्षाला एक लाख वीस हजार डॉलर; अनेक संघांतले राखीव क्वार्टरबॅकही त्याहून अधिक घेत होते. वेतनवाढीचे बोलणे फिसकटले. त्याच सुमारास, १९८३ च्या एप्रिलमध्ये, मेंदूतील गाठीच्या आजाराने त्याची पत्नी वारली. पदरात तान्ही मुलगी. विल्यम्सने टँपा सोडले. त्यानंतर चौदा हंगाम त्या संघाला बाद फेरी दिसली नाही. तो मात्र ओक्लाहोमाच्या एका नव्या संघात गेला. १९८६ साली ती स्पर्धाच बंद पडली. तेव्हा टँपात त्याला शिकवलेले, आता वॉशिंग्टनचे प्रमुख प्रशिक्षक झालेले जो गिब्ज यांनी त्याला बोलावले, तेही राखीव म्हणून. त्या संपूर्ण हंगामात त्याने चेंडू फेकला एकदाच.

तरीही १९८७ चा हंगाम संपता संपता जागा त्याच्याकडे आली, आणि ३१ जानेवारी १९८८ रोजी सॅन डिएगो येथे सुपर बोल या अंतिम सामन्यात तो उतरला. या सामन्याची सुरुवात करणारा तो पहिलाच कृष्णवर्णी क्वार्टरबॅक. समोर डेन्व्हर, ब्रिस्कोला जागा नाकारणारेच. आदल्या दिवशी त्याच्या दातावर शस्त्रक्रिया झालेली. पहिल्या पंधरा मिनिटांत डेन्व्हरचे दहा गुण, वॉशिंग्टनचे शून्य. त्यात विल्यम्सचा गुडघा मुरगळला. लंगडत बाहेर गेलेला तो थोड्याच वेळात परतला. पुढच्या पंधरा मिनिटांत जे घडले, ते अद्भुतच! ऐंशी यार्डांच्या झेपेने आरंभ झाला; एकूण अठरा डावांत पस्तीस गुण, त्यांतले चार टचडाऊन विल्यम्सच्या फेकीवर. अखेर ४२-१० असा विजय, आणि सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच.

१९९८ साली तो ग्रॅम्बलिंगला परतला, तो रॉबिन्सन यांच्या जागी प्रमुख प्रशिक्षक म्हणून.

त्या दिवशी तो हरला असता, तर? गोऱ्या क्वार्टरबॅकचा पराभव त्याच्या एकट्याचा असतो. विल्यम्सचा पराभव मात्र साऱ्या वंशाच्या खात्यावर मांडला गेला असता. हे ओझे उतरायला आणखी पस्तीस वर्षे लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅट्रिक माहोम्स आणि जेलन हर्ट्स हे दोन कृष्णवर्णी क्वार्टरबॅक त्याच अंतिम सामन्यात समोरासमोर उभे राहिले. हर्ट्स हरला. पण तो पराभव निव्वळ एका खेळाडूचा होता. बरोबरीचा खरा हक्क तो हाच!